दहांतला एक : सैन्यातील सामूहिक शिक्षा आणि आपला न्यायविचार

यहोशवाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय शिकविताना वर्गात एक प्रश्न हमखास निघतो, आणि उत्तर देणाऱ्याला तो दरवर्षी नव्याने अडवितो. यरीहोच्या लुटीतून आखानाने एक शिनारी झगा, दोनशे शेकेल रुपे आणि पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट लपवून ठेविली. त्यानंतर आय नगरापुढे इस्राएलाचा पराभव झाला व छत्तीस माणसे पडली. मग वंश, कूळ, घराणे अशा क्रमाने, बहुधा चिठ्ठ्यांच्या रीतीने, शोध होऊन अपराधी सापडला आणि त्याने अपराध कबूल केला. येथवर ऐकणारे शांत असतात. परंतु त्याच्याबरोबर त्याचे मुलगे व मुली, बैल, गाढवे व मेंढरे ही सर्व आखोराच्या खोऱ्यात नेण्यात आली, हे वाचले की कोणीतरी विचारतेच : चोरी बापाची, मग मुलींचा दोष काय?

गोरव्यातील आमच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न विचारणारे विद्यार्थी बहुधा खेड्यांतून आलेले असतात. एका घराच्या चुकीसाठी सगळी भावकी वाळीत पडते, हे त्यांनी गावात डोळ्यांनी पाहिलेले असते. म्हणून त्यांची शंका केवळ जुन्या कराराच्या अर्थाविषयी नसते. एकाच्या अपराधासाठी अनेकांना दंड करणे, किंवा अनेकांच्या अपराधासाठी चिठ्ठीने निघालेल्या एकाला मारणे, याला न्याय म्हणावे काय? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाकडे सैन्यांच्या इतिहासाच्या वाटेने जाणार आहोत. ही शिक्षा जितक्या उघडपणे आणि जितक्या हिशेबाने सैन्यात दिली गेली तितकी अन्यत्र क्वचितच दिली गेली असेल.

१. रोमी छावणीतील दशमांश

इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात रोमी सैन्याची व्यवस्था तपशिलाने वर्णिली आहे. रात्रीच्या पहाऱ्यात कसूर करणाऱ्या शिपायाची प्रथम चौकशी होई. तो दोषी ठरल्यास ट्रिब्यून नावाचा अधिकारी त्याला काठीने नुसता स्पर्श करी, आणि लगेच छावणीतील शिपाई काठ्या व दगड घेऊन त्याच्यावर तुटून पडत. तो त्यातून जगलाच तर त्याला घरी परतण्याचीही मुभा नसे. ही शिक्षा क्रूर खरी, परंतु ती ज्याने अपराध केला त्यालाच होई.

संपूर्ण तुकडीच जागा सोडून पळाली म्हणजे मात्र सेनापतीपुढे पेच पडे. सगळ्यांना मारावे तर सैन्यच घटते. कोणालाच मारू नये तर धाक सुटतो. यावर रोमी लोकांनी जी तोड काढली ती अशी : सारे सैन्य एकत्र उभे करीत. पळालेल्यांना पुढे आणून त्यांची कडक शब्दांत निर्भर्त्सना होई. मग चिठ्ठ्या टाकून त्यांतून कधी पाच, कधी आठ, कधी वीस, असे एकंदरीत दहावा हिस्सा भरेल इतके निवडीत आणि त्यांना वरील रीतीने काठ्यांनी ठेचून मारीत. जे वाचत त्यांना गव्हाऐवजी जवाचा शिधा मिळे आणि त्यांचे तंबू छावणीच्या तटाबाहेर, असुरक्षित जागी पडत. लॅटिन भाषेत या प्रकाराला ‘डेसिमाशिओ’ म्हणत. आपण मंडळीत दशमांश म्हणतो तो पिकाचा व मिळकतीचा. रोमी छावणीत हा दशमांश मनुष्यांचा काढला जाई.

या शिक्षेचा सर्वांत जुना उल्लेख लिव्हीने इ. स. पू. ४७१ या वर्षाखाली दिला आहे. कॉन्सल अ‍ॅपियस क्लॉडियस याचे सैन्य व्होल्सी लोकांपुढून पळाले. ज्या शिपायांनी शस्त्रे टाकली होती, ज्या निशाणवाल्यांनी निशाणे गमावली होती आणि ज्या शताधिपतींनी जागा सोडली होती, त्यांना त्याने फटके मारवून त्यांचा शिरच्छेद करविला. आणि उरलेल्या सैन्यातून दर दहावा मनुष्य चिठ्ठीने निवडून मारविला. लिव्ही हे सर्व चार शतकांहून अधिक काळानंतर लिहीत होता, हे येथे ध्यानात ठेविले पाहिजे.

अधिक प्रसिद्ध प्रसंग क्रॅससचा. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली गुलामांनी केलेले बंड मोडण्यासाठी इ. स. पू. ७२-७१ मध्ये त्याची नेमणूक झाली होती. त्याचा हाताखालचा अधिकारी मम्मियस याने आज्ञा मोडून लढाई दिली व तो हरला. त्याचे पुष्कळ शिपाई शस्त्रे टाकून पळाले. प्लूटार्क सांगतो की जे पाचशे प्रथम पळाले त्यांचे क्रॅससने दहा-दहांचे पन्नास गट केले आणि प्रत्येक गटातून चिठ्ठीने एकेक काढून साऱ्या सैन्यादेखत मारविला. अ‍ॅपियनने याच प्रसंगाचे निराळे व पुष्कळ मोठे आकडेही नोंदविले आहेत. आकडा कोणताही धरला तरी एक गोष्ट स्पष्ट राहते. आज्ञा मोडणारा मम्मियस होता. त्याच्या वाट्याला खरमरीत बोलणी आली. चिठ्ठी आली ती शिपायांच्या वाट्याला.

या शिक्षेची रचना नीट पाहावी. मरणारा मनुष्य इतरांहून अधिक दोषी असतो असे नाही. कदाचित तो शेवटपर्यंत टिकून राहिलेला असेल. मारणारे त्याचे वैरी नसतात. त्याच तंबूत झोपणारे, त्याच भांड्यातले जेवणारे त्याचे सोबती असतात. सेनापतीला अपराधी शोधण्याचे कष्ट पडत नाहीत, आणि वाचलेल्या नवांच्या हाताला सोबत्याचे रक्त लागल्यामुळे तक्रार करण्याचे तोंड कोणालाच उरत नाही. पॉलिबियस म्हणतो की चिठ्ठी कोणावर पडेल हे अनिश्चित असल्यामुळे भय सर्वांना सारखे वाटते. शिक्षेच्या परिणामकारकतेचे कारण त्याने अचूक सांगितले आहे. नेमके तेच कारण तिला न्यायापासून दूर नेते, कारण भय सर्वांना सारखे वाटावे यासाठी अपराध कोणाचा हे विचारणे सोडून द्यावे लागते.

खुद्द रोमी लोकांनाही हे जाणवत असावे. इ. स. पू. ४९ मध्ये प्लासेंशिया येथे नवव्या लीजनने बंड केले तेव्हा ज्युलियस सीझरने प्रथम दशमांश-वधाची धमकी दिली. सैनिकांनी गयावया केल्यावर त्याने बंडाच्या १२० पुढाऱ्यांची नावे मागितली व त्यांतून चिठ्ठीने बारा निवडले. अ‍ॅपियनच्या वृत्तांताप्रमाणे या बारांपैकी एकजण बंडाच्या वेळी छावणीत नव्हताच असे सिद्ध झाले. तेव्हा सीझरने त्याला सोडून, त्याचे नाव खोटेपणाने देणाऱ्या शताधिपतीला त्याच्या जागी मारविले. क्षणभर का होईना, चिठ्ठीच्या जागी चौकशी आली आणि एका निरपराध्याचा जीव वाचला.

ही शिक्षा निष्फळ होती असे मात्र आम्हांला म्हणता येत नाही. इ. स. २० मध्ये आफ्रिकेत टॅक्फारिनासच्या बंडखोरांपुढून एक पलटण पळाली. तिचा नायक डेक्रियस एकटा लढत पडला. प्रांताधिपती अप्रोनियस याने त्या पलटणीतील दर दहावा मनुष्य चिठ्ठीने काढून फटक्यांनी मारविला. टॅसिटस म्हणतो की हा उपाय त्या काळी दुर्मिळ झाला होता; आणि पुढे असेही सांगतो की त्याचा असा वचक बसला की थाला येथे अवघ्या पाचशे जुन्या शिपायांनी त्याच शत्रूला पिटाळून लावले. उलटपक्षी, इ. स. पू. ३६ मध्ये पार्थियाच्या स्वारीत अँटनीने हाच उपाय केला, तरी ती स्वारी फसलीच. सारांश, भयाने कधी काम होते, कधी होत नाही. परंतु एखादा उपाय लागू पडला एवढ्यावरून तो न्याय्य ठरत नाही, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी तरी विसरू नये.

२. नव्या करारातील पहारेकरी

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे नव्या करारातील काही प्रसंग अधिक स्पष्ट दिसू लागतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात पेत्रावर चार-चार शिपायांच्या चार पथकांचा पहारा होता. देवदूताने पेत्राला सोडविले. सकाळी शिपायांत गडबड उडाली. हेरोदाने पहारेकऱ्यांची चौकशी करून त्यांना वधासाठी नेण्याची आज्ञा केली. पेत्राच्या सुटकेवर आपण उपदेश करतो, उपकारस्तुतीची गीते गातो. त्या पहारेकऱ्यांविषयी एक वाक्यही बोलत नाही. फिलिप्पैचा बंदिशाळेचा नायक दारे उघडी पाहताच तरवार उपसून स्वतःचा जीव घ्यावयास का निघाला, आणि कबरेवरील पहारेकऱ्यांना पैसे देताना सुभेदाराकडून त्रास होणार नाही अशी हमी मुख्य याजकांना का द्यावी लागली, हेही यावरून कळते. पौलाने फिलिप्पैच्या नायकाला हाक मारून थांबविले, यात त्या मनुष्याच्या आत्म्याच्या तारणापूर्वी त्याच्या देहाचे तारण झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

मंडळीच्या इतिहासात या शिक्षेची सर्वांत प्रसिद्ध कथा थीबी लीजनची आहे. इजिप्तमधील थीब्स प्रांतातून आलेल्या ख्रिस्ती सैनिकांनी, नायक मॉरिस याच्यासह, आल्प्स पर्वतातील अगाउनम येथे आपल्या ख्रिस्ती बांधवांवर शस्त्र धरण्यास नकार दिला. सम्राट मॅक्झिमियनने दोनदा दशमांश-वध करविला आणि तरीही ते न नमल्यामुळे सर्वांना मारविले, अशी ही कथा आहे. प्रसंग तिसऱ्या शतकाच्या अखेरीचा म्हणून सांगतात. तो लिहून ठेवणारा लायन्सचा बिशप युकेरियस पाचव्या शतकातील, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनंतरचा आहे. संपूर्ण लीजनच्या हत्येबद्दल इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत, आणि त्या शंका टाळून ही कथा व्यासपीठावरून इतिहास म्हणून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तथापि कथेचा आशय विचार करण्याजोगा आहे. चिठ्ठीची सारी शक्ती उरलेल्या नवांच्या भयात असते. ज्या कथाकाराने चिठ्ठी दोनदा टाकवूनही उरलेल्यांना निर्भय दाखविले, त्याला त्या शक्तीचे मर्मस्थान ठाऊक होते.

३. मराठी मुलुखातील दहा

आता आपल्या घराकडे वळू. शिवाजी महाराजांच्या सैन्यव्यवस्थेचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत केले आहे. पायदळातील सर्वांत लहान तुकडी नऊ पाइकांची व त्यांवर एक नाईक, म्हणजे दहांचीच. अशा नाइकांवर हवालदार, त्यांवर जुमलेदार, त्यांवर हजारी, अशी चढती व्यवस्था होती. रोमी दहा आणि हे दहा यांच्यातील अंतर पाहण्यासारखे आहे. तेथे दहांतला एक चिठ्ठीने मरावयाचा होता. येथे दहांतला एक बाकीच्या नवांसाठी जबाबदार धरला जात होता.

शिस्त येथेही कडकच होती. स्वारीत बायको, बटीक अथवा कलावंतीण बरोबर ठेवणाऱ्याची गर्दन मारावी, परमुलखात बायका-मुले धरू नयेत, गाय धरू नये, असे नियम सभासदाने नोंदविले आहेत. दसऱ्यानंतर सैन्य निघताना प्रत्येकाजवळच्या जिनसांची यादी होई. परतल्यावर झाडा घेतला जाई आणि अधिक निघालेली मालमत्ता सरकारात जमा करून घेण्याची वा पगारातून वळती करण्याची रीत होती. या व्यवस्थेचा गाभा हिशेब हा आहे. कोणी काय केले हे कळावे म्हणून आधीच लिहून ठेवावयाचे. जेथे हिशेब असतो तेथे चिठ्ठीची गरज पडत नाही.

१६७३-७४ च्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना महाराजांचे एक पत्र गेले. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच उधळली तर पुढे घोडी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरचा दाणा, भाकर, गवत, फाटे, भाजीपाला ओढून आणू लागतील. कुणबी परागंदा होतील आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल, असे त्यात बजाविले आहे. पुढे आगीविषयी लिहिले आहे. चुली, चिलमी, उंदराने ओढून नेलेली पेटती वात, यांतून गवताच्या गंजी पेटतील; आणि एकदा आग लागल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली तरी छावणीला लाकूड मिळावयाचे नाही. शिक्षेचा अधिकार हाती असलेल्या राज्यकर्त्याने शिक्षेची मर्यादा इतक्या रोखठोकपणे सांगितलेली क्वचितच आढळते.

चूक झाली तर जाब वरच्याला विचारला जाई. १६६६ च्या जानेवारीत पन्हाळ्यावरील हल्ला फसला. नेताजी पालकर वेळेवर पोहोचला नाही म्हणून त्याचे सरनोबतपद गेले. बहलोलखानाला हातचा जाऊ दिल्याबद्दल प्रतापराव गुजराला महाराजांचा रोष सोसावा लागला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ तो सहा स्वारांनिशी शत्रूच्या सैन्यावर तुटून पडून मारला गेला. या आत्मघातकी धाडसाची भलावण आम्ही करीत नाही. सेनापतीच्या चुकीची किंमत शिपायांकडून वसूल करण्याचा विचार तेथे दिसत नाही, इतकेच आम्हांला दाखवावयाचे आहे.

स्वकीयांच्या इतिहासावर मोहित होऊन दुसरी बाजू झाकणेही योग्य नव्हे. सुरत १६६४ आणि १६७० अशी दोनदा लुटली गेली. पुढे १७४२ पासून सुमारे दहा वर्षे मराठी फौजांनी बंगालच्या रयतेची जी दुर्दशा केली तिच्या आठवणी तेथील अंगाई गीतांत उरल्या. छावणीच्या आत जो न्याय पाळला गेला तो छावणीच्या बाहेर पाळला गेलाच असे नाही.

४. आकडा आधी, अपराध मागून

रोमी पद्धत रोमबरोबर संपली असती तर हा लेख येथेच थांबला असता. परंतु ती आपल्याच देशात परत आली, आणि आणणारे पवित्र शास्त्र वाचणारे होते.

१८५७ च्या मे महिन्यात मर्दान येथील ५५ वी देशी पलटण बिथरली. निकल्सनने पाठलाग करून सुमारे १२० शिपाई कैद केले. त्या सर्वांना मृत्युदंड व्हावा असा प्रश्न पुढे आला तेव्हा पंजाबचा मुख्य आयुक्त जॉन लॉरेन्स याने पेशावरच्या अधिकाऱ्यांना जे लिहिले त्याचा आशय असा : एकशेवीस ही संख्या फार मोठी आहे, सर्वांना मारणे सर्वसमर्थ देवाच्या दृष्टीने समर्थनीय होणार नाही, आपला हेतू इतरांना दहशत बसविण्याचा आहे, आणि तो चौथा ते तिसरा हिस्सा मारल्याने साधेल. कोणाला निवडावे? ज्यांच्याविरुद्ध काही वाईट दाखविता येईल, जे उर्मट वा अस्वस्थ म्हणून ठाऊक आहेत, त्यांना. आणि इतक्यानेही संख्या भरली नाही तर? सर्वांत जुन्या शिपायांना घेऊन ती भरून काढावी. १० जून १८५७ रोजी पेशावर येथे त्यांपैकी चाळीस जणांना सैन्यासमोर तोफांच्या तोंडी देण्यात आले.

लॉरेन्स हा धार्मिक वृत्तीचा मनुष्य होता, आणि ऐंशी जीव या सल्ल्यामुळे वाचले हेही खरे. त्याला राक्षस ठरविणे सोपे आहे, पण त्यातून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही. त्याच्या दयेचे स्वरूप काय होते हे पाहिले पाहिजे. आकडा आधी ठरला. अपराधी मागून शोधण्यात आले. आणि अपराधी कमी पडले तर वयाने जुने असणे हाच अपराध मानावयाचा होता. देवाचे नाव घेऊन केलेला हा भागाकार होता. ज्या शिपायाने आयुष्य नोकरीत घालविले त्याच्या वाट्याला तोफ आली ती त्या नोकरीच्या दीर्घपणामुळे.

विसाव्या शतकातही चिठ्ठी थांबली नाही. पहिल्या महायुद्धात जुलै १९१७ मध्ये इटलीच्या कातान्झारो ब्रिगेडने बंड केले. गोळ्या घालून मारलेल्या २८ जणांपैकी बारा चिठ्ठीने निवडलेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ च्या जिनीव्हा करारांनी युद्धकैद्यांना व नागरी प्रजेला सामूहिक शिक्षा देण्यास स्पष्ट मनाई केली. आपल्या देशाच्या १९५० च्या लष्करी कायद्यात, कलम ८९ अन्वये, तुकडीचे शस्त्र हरवल्यास वा चोरीस गेल्यास चौकशी-न्यायालयाच्या अहवालानंतर त्या तुकडीवर, किंवा तिच्यातील जबाबदार वाटतील तितक्यांवर, सामूहिक दंड बसविता येतो. हा दंड पगाराच्या टक्केवारीने ठरतो. जीवघेण्या चिठ्ठीपासून पगारातील कपातीपर्यंतचा हा प्रवास लहान नाही, आणि त्यात चौकशी आधी येते ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

५. महीच्या पलीकडे

गोरव्याहून फार लांब जावयास नको. मही नदी ओलांडली की बोरसद तालुका लागतो. शेजारचे पेटलाद गायकवाडी अमलात होते, बोरसद मात्र इंग्रजी मुलखात. १९२० नंतरच्या काळात बाबर देवा व इतर दरोडेखोरांनी या तालुक्यात धुमाकूळ घातला होता. मुंबई सरकारला दरोडेखोर सापडेनात. तेव्हा लोकच त्यांना आश्रय देतात असे ठरवून सरकारने जादा पोलीस नेमले आणि त्यांचा खर्च म्हणून १९२३ मध्ये सोळा वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषावर दोन रुपये सात आणे दंडकर बसविला. एकंदर वसुली २,४०,०७४ रुपयांची व्हावयाची होती. लोक याला ‘हैडिया वेरा’ म्हणत. ज्याच्या घरावर दरोडा पडला त्यानेही दरोडेखोराचा साथी म्हणून कर भरावयाचा, असा याचा अर्थ झाला.

जो सापडत नाही त्याच्याऐवजी जे सापडतात त्यांना धरावे, हा क्रॅससचाच न्याय नागरी पोशाखात येथे उभा होता. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९२३ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. जप्तीदार येताना दिसले की नगारे वाजत, घरांना कुलपे लागत आणि दिवसाचे व्यवहार रात्री चालत. जानेवारी १९२४ मध्ये सरकारने कर मागे घेतला. लोकांनी ज्या एकजुटीने हा कर नाकारला तिच्यात या इतिहासाचे एक उत्तर आहे. सामूहिक शिक्षा दहांना एकमेकांपासून तोडावयास पाहते. ते तुटले नाहीत तर ती शिक्षा चालत नाही.

६. पुन्हा आखोराच्या खोऱ्यात

आता वर्गातील प्रश्नाकडे परत येऊ. यहोशवाच्या छावणीतील शोध आणि रोमी छावणीतील चिठ्ठी यांत एक मूलभूत भेद आहे. यहोशवाने केलेला शोध वंशाकडून कुळाकडे, कुळाकडून घराण्याकडे आणि घराण्याकडून एका मनुष्याकडे उतरत गेला. अपराधी सापडावा आणि बाकीची छावणी मोकळी व्हावी हा त्याचा हेतू होता. रोमी चिठ्ठी अपराधी शोधण्याचे काम टाळण्यासाठी पडे. परंतु आखान सापडल्यावर, त्याने कबुली दिल्यावर, त्याच्या मुलामुलींपाशी येऊन हाच शोध थांबला नाही, आणि ही अडचण आम्ही वर्गात झाकीत नाही. ती झाकण्याची गरजही नाही, कारण पवित्र शास्त्रच पुढे जाऊन ती उघड करते. बापासाठी मुलांना व मुलांसाठी बापाला मारू नये, असे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. अमस्या राजाने आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना मारिले, पण त्या नियमाला अनुसरून त्यांच्या मुलांना सोडिले, याची नोंद राजांच्या दुसऱ्या पुस्तकाने आवर्जून ठेविली आहे. यहेज्केल संदेष्ट्याने तर अठरावा संपूर्ण अध्याय या एका मुद्द्याला दिला. आणि होशेयाने त्याच आखोराच्या खोऱ्याला आशेचे द्वार म्हटले.

हा विचार आपल्या उपदेशावरही येऊन आदळतो. वधस्तंभाविषयी बोलताना आपण कधी कधी अशी भाषा वापरतो की जणू देवाला कोणाला तरी शिक्षा करावयाचीच होती, आणि चिठ्ठी निष्पाप येशूवर पडली. हे शुभवर्तमान नव्हे. हा देवाच्या आसनावर क्रॅससला बसविण्याचा प्रकार आहे. शुभवर्तमानात हा हिशेब मांडणारा कयफा आहे. सर्व राष्ट्र बुडण्यापेक्षा एकाने मरणे बरे, हे त्याचे गणित योहानाने आपल्यापुढे ठेविले आहे. येशू मात्र कोणाच्या चिठ्ठीने निघाला नाही. तो स्वतः पुढे आला, आणि बागेत आपल्याला धरू आलेल्यांना त्याने सांगितले की माझ्याबरोबरच्या यांना जाऊ द्या. शिक्षा वाटून देणाऱ्या सेनापतीची ही भाषा नाही. आपल्या नवांच्या पुढे उभा राहणाऱ्या नाइकाची आहे.

आणि शेवटी आपल्या मंडळ्या. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तो वाळीत टाकण्याची रीत अद्याप जिवंत आहे म्हणूनच करावा लागला. ख्रिस्ती झाल्याबद्दल ज्यांचे वाडवडील पाणवठ्यावरून हाकलले गेले, अशी घराणी आपल्यात पुष्कळ आहेत. तरीही एका मुलीने मंडळीबाहेर लग्न केले म्हणून तिच्या आईला प्रभुभोजनापासून दूर ठेवणारी, तिच्या भावाला तरुणसंघातून काढणारी पंचमंडळी आपल्याच मंडळ्यांत आढळतात. त्यांना आपण शिस्त राखीत आहोत असे मनापासून वाटते. अप्रोनियसलाही तसेच वाटत होते. ज्या वडीलमंडळींच्या हाती असा निर्णय येईल त्यांनी मत देण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : या मनुष्याने नेमके काय केले? आणि आम्ही आकडा आधी ठरविला आहे काय?